शाळेची बिल्डिंग, पालिकेचं कर्ज आणि आपला टॅक्स: ठाण्यात बजेटची चर्चा कशी वाचायची आणि कधी बोलायचं

आमची सोसायटी वागळे इस्टेटच्या बाजूला, ५६ फ्लॅटची. मी सेक्रेटरी, त्यामुळे टॅक्सचं बिल आलं की पहिला फोन मलाच. मागच्या मीटिंगमध्ये परत तोच वाद झाला. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, आपली कुणाचीच मुलं पालिकेच्या शाळेत नाहीत, मग शाळा बांधायला कर्ज काढून टॅक्स आपल्या डोक्यावर कशाला? आमच्याकडे जिना झाडणाऱ्या ताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, माझी मुलगी जाते ना, वर्गात बाकावर तिघी बसतात. मग सगळे गप्प.

दोघांचंही म्हणणं खरं होतं, पण आकडा कुणाकडेच नव्हता. शाळेला किती लागतात, कर्ज काढलं तर वर्षाचा हप्ता किती, तो माझ्या घराच्या बिलात किती रुपये होतो, काहीच माहीत नाही आणि आवाज मात्र चढलेले. त्यानंतर मी जरा बसून हे सगळं समजून घेतलं, तेच इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं ठाण्याची आहेत पण नवी मुंबईवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू आहे, कायदा एकच आहे.

आधी तारखा, कारण सगळी गडबड तिथेच होते

आपण जागे होतो मार्चमध्ये, पेपरात 'पालिकेचा अर्थसंकल्प सादर' अशी हेडलाइन आली की. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेने (सगळ्या नगरसेवकांच्या सभेने) २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणजे टॅक्सवर बोलायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच बोलायला हवं, मार्चमध्ये फक्त त्या पैशांचं वाटप कसं करायचं यावर चर्चा चालू असते.

क्रम साधारण असा: आयुक्त अंदाजपत्रक (म्हणजे बजेट) तयार करून स्थायी समितीला (पैशांचे निर्णय बघणारी थोड्या नगरसेवकांची समिती) देतात, स्थायी समिती त्यात वाढ-घट सुचवते, मग समितीचे सभापती ते महासभेपुढे मांडतात, तिथे नगरसेवक दोन-तीन दिवस किंवा जास्तही बोलतात आणि ठराव होतो. नवीन वर्ष १ एप्रिलला सुरू.

ठाण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, नवी मुंबईत तर २०२० मध्येच, आणि तेव्हापासून प्रशासक होते, म्हणजे आयुक्तच बजेट बनवणार आणि आयुक्तच मंजूर करणार. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर परत निवडून आलेली माणसं आलीत. त्यामुळे आता ज्याला फोन करता येईल, ज्याच्या ऑफिसात जाऊन बसता येईल असा माणूस आपल्या प्रभागात आहे, ही संधी सोडू नका.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे शाळेच्या बिल्डिंगसाठी रोखे काढायचे (बाजारातून कर्ज उभारायचं) तर लोकांना थेट मतदान करता येतं, आणि टॅक्सच्या बिलात शाळेचा हिस्सा किती ते वेगळं छापलेलं असतं. आपल्याकडे असं मतदान नाही. कर्जासाठी पालिकेला राज्य सरकारची परवानगी लागते आणि महासभेचा ठराव लागतो, म्हणजे आपलं मत जायचं ते नगरसेवकामार्फतच.

बिल उघडा आणि प्रत्येक ओळ वाचा

मीटिंगनंतर मी आमची चार बिलं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. दोन वन बीएचके, एक टू बीएचके आणि एक खालचं दुकान. सगळ्यांनी हे एकदा तरी करा, फार कळतं यातून.

मुंबईत टॅक्स भांडवली मूल्यावर (घराच्या किमतीवर) असतो, ठाणे आणि नवी मुंबईत करयोग्य मूल्यावर. म्हणजे तुमचं घर वर्षभर भाड्याने दिलं तर किती येतील असं पालिका आपल्या दराने धरते (बाजारातलं भाडं नाही हं, पालिकेचा दर, तो खूप कमी असतो), त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करते, उरलं ते करयोग्य मूल्य. त्यावर वेगवेगळ्या करांचे टक्के लागतात. समजा पालिकेने वर्षाचं भाडं १२,००० धरलं, तर करयोग्य मूल्य १०,८००, आणि सगळ्या करांचे मिळून टक्के समजा ६० असतील तर बिल ६,४८०.

यावरून एक लक्षात ठेवा. 'टॅक्स वाढला' म्हणजे दोनपैकी एक झालेलं असतं. एकतर टक्के वाढले, ते महासभा ठरवते आणि सगळ्यांना लागतं. नाहीतर तुमचं करयोग्य मूल्य वाढलं, म्हणजे नव्याने मोजणी झाली, बाल्कनी आत घेतलेली सापडली, दुकानाचा वापर बदलला. दुसऱ्या प्रकारात बजेटवर ओरडून उपयोग नाही, तिथे नोटिशीवर लिहिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी लागते आणि सुनावणीला जावं लागतं. आमच्याकडे दुकानवाल्याचं बिल वाढलं होतं ते या दुसऱ्या कारणाने, आणि तो सहा महिने नगरसेवकाला दोष देत बसला, तोवर मुदत गेली.

आता शिक्षणाच्या ओळी. बिलात 'राज्य शिक्षण कर' दिसेल, तो १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याखाली आहे. पालिका तो फक्त गोळा करते, पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. रोजगार हमीचा उपकरही राज्याचाच, आणि तो घरांना नसतो, दुकान-ऑफिसला असतो. बऱ्याच बिलांत पालिकेचा स्वतःचा शिक्षण कर वेगळा असतो, तो मात्र पालिकेकडेच राहतो. काका जो हिशेब करत होते त्यात त्यांनी सगळा शिक्षण कर पालिकेच्या शाळांच्या नावावर टाकला होता. मी त्यांना दोन ओळी बोटाने दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नाही.

टॅक्सवर एवढा डोळा का

आधी ठाण्यात जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) होती. २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, मग तोही गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. जकातीच्या बदल्यात राज्य सरकार पालिकांना भरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. पैसा नियमित येतो पण तो वाढवणं पालिकेच्या हातात नाही. हातात उरलं काय, तर मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बिल्डरांकडून येणारं विकास शुल्क. बांधकाम धंदा मंदावला की विकास शुल्क पडतं. म्हणून पैशाची चणचण आली की बोट आपल्या बिलाकडे वळतं. शिवाय १५ व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली होती की मालमत्ता कराचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या आर्थिक वाढीच्या वेगाने वाढवा, त्यामुळे वरूनही दबाव असतो.

दर न वाढवता वसुली वाढू शकते, हे विसरू नका. नवी मुंबईत गेली वीसेक वर्षं करवाढ केली नाही असं तिथले राजकारणी सांगतात, पण नवीन इमारती आल्या आणि लायडार (लेझरने मोजणी) सर्व्हे करून नोंद नसलेल्या मालमत्ता शोधायचं काम पालिकेने घेतलं.

बजेटचं पुस्तक: चार कॉलम

पालिकेच्या वेबसाइटवर अर्थसंकल्पाची पीडीएफ असते. बघूनच घाबरायला होतं, शेकडो पानं. आणि आकडेही डोकं फिरवणारे, ठाण्याचं २०२४-२५ चं बजेट ५,००० कोटींच्या वर होतं, नवी मुंबईचं २०२५-२६ चं ५,७०० कोटींच्या आसपास. सगळं वाचायचंच नाही. पीडीएफमध्ये फक्त दोन-तीन लेखाशीर्षं (जमा-खर्चाच्या ओळींची नावं) शोधा: मालमत्ता कर (जमा बाजू), शाळा इमारत बांधकाम आणि दुरुस्ती (खर्च बाजू, बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाखाली लपलेलं असतं, शिक्षण विभागाखाली शोधून सापडत नाही), आणि कर्ज परतफेड व व्याज.

प्रत्येक ओळीपुढे साधारण चार आकडे असतात. मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणात सांगतात तो शेवटचा. खरं काय झालं ते पहिल्यात असतं. म्हणून कागद घ्या, शाळा बांधकामाची ओळ तीन वर्षांच्या पुस्तकांतून काढा आणि मूळ अंदाज किती, खर्च किती एवढंच लिहा. जर दरवर्षी तरतूद मोठी आणि खर्च त्याच्या निम्माही नाही असं दिसलं, तर प्रश्न पैशाचा नाही, कामाचा आहे. मग नवीन कर्ज कशासाठी हे विचारायला तुमच्याकडे जागा आहे.

अजून एक शब्द, 'दायित्व'. म्हणजे काम झालंय किंवा चालू आहे पण ठेकेदाराची बिलं द्यायची राहिलीत. ठाण्यात बजेटच्या बातमीत हा शब्द दरवर्षी असतो. दायित्व मोठं असेल तर नव्या शाळेसाठी ठेवलेला पैसा जुन्या बिलांत जायची शक्यता असते, म्हणून तरतूद बघितली की लगेच दायित्वही बघायचं.

कर्जाचा हिशेब स्वतः करा

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन केला कारण भांडण इथेच आहे. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या पालिकेचे खरे आकडे टाकून परत करा.

समजा एका शाळेची बिल्डिंग ४० कोटींची आहे आणि पालिकेने ते सगळे ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी कर्ज घेतले. वर्षाचा हप्ता येतो साधारण ४ कोटी ६७ लाख. १५ वर्षांत एकूण ७० कोटी जातात, म्हणजे ३० कोटी व्याज. काकांनी हे ऐकलं आणि म्हणाले, बघ, सांगत होतो ना! थांबा. शहरात समजा ५ लाख मालमत्ता आहेत. ४ कोटी ६७ लाख भागिले ५ लाख, म्हणजे एका मालमत्तेवर वर्षाला ९३ रुपये. त्यातही दुकान-कारखान्यांचा वाटा जास्त असतो म्हणून घराला अजून कमी. महिन्याला आठ रुपयेसुद्धा नाहीत.

आता दुसरी बाजू. टॅक्सची वर्षाची मागणी (सगळ्या बिलांची बेरीज) समजा ८०० कोटी आहे. वसुली मागणीच्या फक्त एक टक्क्याने वाढली तर ८ कोटी जास्त येतात, म्हणजे एका शाळेचा हप्ता भरून वर तीन कोटी उरतात. दर न वाढवता. म्हणून करवाढीचा प्रस्ताव आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो की थकबाकी किती, त्यातली मूळ कराची किती आणि शास्तीची (उशिराच्या दंडाची) किती. शास्ती महिन्याला २ टक्के लागते त्यामुळे जुनी थकबाकी कागदावर फुगत जाते, मग अभय योजना येते आणि शास्ती माफ होते, आणि वेळेवर भरणाऱ्या आमच्यासारख्यांना राग येतो तो इथे. मला तो राग बरोबरच वाटतो.

पण बिल्डिंगचा हप्ता १५ वर्षांनी संपतो, शाळा चालवायचा खर्च संपत नाही. २० शिक्षक धरा, महिना ७० हजारांनी वर्षाला १ कोटी ६८ लाख, वर शिपाई, वीज, सफाई, पाणी. पगारात राज्याचं अनुदान येतं, तरी पालिकेचा वाटा राहतोच. म्हणून फक्त 'कर्ज किती' विचारू नका, 'चालवायचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात धरलाय' तेही विचारा. बिल्डिंग झाली आणि शिक्षक नाहीत, असं व्हायला नको.

आणि उशीर. कर्ज पूर्ण उचललं आणि काम रखडलं तर ४० कोटींवर ८ टक्क्यांनी वर्षाला ३ कोटी २० लाख व्याज सुरू, वर्गखोली एकही नाही. म्हणून कर्ज एकदम घेणार की कामाच्या टप्प्याप्रमाणे, हे ठरावात असायला हवं. पालिका थेट बाजारातूनही पैसे उभे करू शकतात. पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले होते, व्याज ७.५९ टक्के. केंद्राची राज्यांना ५० वर्षांसाठी बिनव्याजी कर्ज द्यायची योजनाही २०२०-२१ पासून आहे, ती राज्यामार्फत येते. तसलं कर्ज मिळालं तर त्याच ४० कोटींचे वर्षाला फक्त ८० लाख होतात. तेव्हा व्याजाचं कर्ज घ्यायच्या आधी हे मागितलं होतं का, असा प्रश्न सरळ विचारता येतो.

शाळेची गरज कागदावर आणा

जानेवारीत मतदानाला आमचं केंद्र पालिकेच्या शाळेत होतं. रांगेत उभी असताना मी वर्गाच्या दारावर बघत होते. रंगाने 'इयत्ता ३ री' लिहिलेलं आणि त्याच्याच खाली कागद चिकटवलेला, 'इयत्ता ५ वी, दुपार'. एकाच खोलीत दोन वर्ग, दोन पाळ्या. भिंतीला बाक लावून ठेवलेले, प्रत्येकावर कर्कटकाने कोरलेली तीन-तीन नावं. ताईंचं वाक्य तेव्हा आठवलं.

पण महासभेत भावना चालत नाहीत, तिथे आकडा लागतो आणि तो मिळतो. प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस नंबर असतो, त्यावरून शाळेचा पट (मुलांची संख्या), वर्गखोल्या, शिक्षक, स्वच्छतागृहं ही माहिती युडायसच्या वेबसाइटवर बघता येते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे १ ली ते ५ वी ला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि दर शिक्षकामागे एक वर्गखोली लागते. पट भागिले ३० करा आणि खोल्यांशी ताडून बघा, फरक किती ते लगेच दिसतं.

दुसरं म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणं त्यांचं काम आहे. ताईंना मी हेच सांगितलं, की मुख्याध्यापिका मॅडमना सांगून समितीत खोल्यांचा ठराव करून घ्या. समितीचा ठराव असेल तर नगरसेवक तो हातात धरून बोलू शकतो.

तिसरं जमीन. कर्ज नेहमी लागतंच असं नाही. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षित प्लॉट असतात, आणि एफएसआय (प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी) किंवा टीडीआरच्या (तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरणं) बदल्यात मालकाकडून जागा, कधीकधी बांधलेली इमारतसुद्धा घेता येते. नवी मुंबईत सिडकोने (शहर वसवणारी सरकारी कंपनी) नोडप्रमाणे (वसाहतीप्रमाणे) शाळांचे प्लॉट ठेवलेत, तिथे प्रश्न हस्तांतराचा असतो. पण एमआरटीपी कायद्याचं (राज्याच्या नगररचना कायद्याचं) कलम १२७ लक्षात ठेवा: आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच उडतं. एकदा उडालं की घोडबंदर रोडला तसला प्लॉट परत विकत घ्यायचा विचारही करता येणार नाही. मला विचाराल तर टॅक्स वाढण्यापेक्षा आरक्षण जाणं हे जास्त मोठं नुकसान आहे, टॅक्स पुढच्या वर्षी कमी करता येतो.

माहिती मिळत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे शाळेचा वेगळा, कर्जाचा वेगळा, थकबाकीचा वेगळा. 'का' विचारू नका, कागद मागा: अमुक शाळेच्या कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मंजूर रक्कम, आजवर दिलेली बिलं, काम पूर्ण करायची मूळ तारीख आणि मुदतवाढीचे आदेश. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये. शिवाय फाइल बघायला मागता येते, पहिला तास फुकट असतो, आणि ते जास्त उपयोगी पडतं, कारण काय मागायचं तेच आपल्याला फाइल बघून कळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाका म्हणजे डिसेंबरपर्यंत कागद हातात येतात.

बोलायचं कसं

ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं. पत्र आपल्या नगरसेवकाला, एक प्रत प्रभाग समितीला, एक आयुक्तांना, आणि प्रत्येकावर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. पत्र एका पानाचं ठेवा. आम्ही लिहिलं त्यात चारच मुद्दे होते: अमुक शाळेत इतका पट, इतक्या खोल्या, इतक्या कमी; मागच्या तीन वर्षांत शाळा बांधकामाची तरतूद इतकी, खर्च इतका; करवाढीच्या आधी मूळ थकबाकीची वसुली दाखवावी; कर्ज घेतल्यास टप्प्याने घ्यावं आणि शिक्षकांचा खर्च त्याच बजेटात दाखवावा. खाली ३१ घरांच्या सह्या. काकांनी सही केली, पण तिसऱ्या मुद्द्याखाली स्वतः पेनने रेघ मारून. ताई आमच्या सोसायटीच्या सभासद नाहीत, तरी पालक म्हणून त्यांची सही घेतली, पहिलीच.

नगरसेवकाकडे जाताना दोन-तीन जण जा, पंधरा नको. त्यांना महासभेत बोलायला पाच-सात मिनिटं मिळतात, त्यामुळे लेखाशीर्ष आणि पान नंबर लिहिलेली चिठ्ठी वेगळी द्या, ती ते खरंच वापरतात. शक्य असेल तर महासभेला प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसा. आपला माणूस उठला का, काय बोलला, ते वहीत तारखेसकट लिहा.

ठराव झाला की त्याची प्रत घ्या आणि ऑक्टोबरमध्ये पहिली सहामाही संपली की त्याच लेखाशीर्षात किती खर्च झाला ते परत विचारा. आमचा अर्ज तयार आहे, १० रुपयांचा स्टॅम्प लावून फाइलमध्ये ठेवलाय.